घरे उभी राहतात. गाव केव्हा उभे राहते?

अस्थिभंग जुळून आला, क्ष-किरण चित्रात हाड सलग दिसू लागले, म्हणजे रुग्ण बरा झाला असे आपण डॉक्टर मंडळी मानीत नाही. तो आपल्या पायांनी जिना चढतो का, कामावर जाऊ लागला का, रात्री शांत झोपतो का, हे आपण आवर्जून विचारतो. आपत्तीत कोसळलेल्या गावाच्या बाबतीत मात्र असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतकी घरे मंजूर, इतकी पूर्ण, इतक्यांना ताबा दिला, या आकड्यांवर पुनर्वसनाची फाइल बंद होते. गाव पुन्हा चालू लागले की नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही.

बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला दोन भूकंप कायमचे जवळचे आहेत. एक मातृभाषेच्या मुलखातला, किल्लारीचा. दुसरा कर्मभूमीतला, कच्छचा. या दोहोंमध्ये सुमारे साडेसात वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी पुनर्बांधणी प्रचंड प्रमाणावर झाली, पण वेगवेगळ्या वाटांनी. या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुनर्वसनाच्या नियोजनाबद्दल जे शिकता येते ते बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन पहाटा

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून उशिरा झोपलेली लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावे दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली. धक्का ६.२ तीव्रतेचा, म्हणजे भूकंपशास्त्राच्या हिशेबाने मध्यम स्वरूपाचा. तरीही शासकीय नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. याचे कारण बव्हंशी घरांच्या रचनेत होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यावर लाकडी माळवद आणि माळवदावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घराला गारवा देणारे हे छप्पर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आले. तेव्हाच्या भूकंपप्रवणता नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता.

कच्छची गोष्ट निराळी. तो प्रदेश सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात असल्याचे नकाशावर होते आणि १८१९ च्या भूकंपाची स्मृतीही लोकांत होती. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी, ७.७ तीव्रतेचा धक्का बसला. जवळजवळ चौदा हजार मृत्यू, दीड लाखाहून अधिक जखमी, दोन लाखांहून अधिक घरे जमीनदोस्त. अंजार शहराच्या अरुंद गल्लीतून प्रभातफेरी काढणाऱ्या शाळकरी मुलांवर दोन्ही बाजूंची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या नावांचे स्मारक २०२२ मध्ये तेथे उभे राहिले. भुजचे शासकीय रुग्णालयही त्याच सकाळी पडले. ज्या इमारतीने जखमींना घ्यायचे, तीच रुग्णांसकट ढिगाऱ्यात गेली.

शिबिरातील दिवस

मी तेव्हा एम. डी. होऊन नुकताच व्यवसायात स्थिरावत होतो. बडोद्याहून निघालेल्या एका वैद्यकीय पथकाबरोबर भचाऊ तालुक्यात गेलो आणि जवळजवळ तीन आठवडे तेथे राहिलो. पहिल्या आठवड्यातील काम सर्वांच्या परिचयाचे आहे : चिघळलेल्या जखमा, अस्थिभंग, ढिगाऱ्याखाली चेंगरल्यामुळे मूत्रपिंडावर आलेला ताण. जानेवारीअखेरीची कच्छची रात्र बोचऱ्या थंडीची असते. उघड्यावर जन्मलेल्या अर्भकांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, हेच आमचे इन्क्युबेटर होते. मदत म्हणून आलेले दूध पावडरचे डबे आम्ही शक्य तितके बाजूला ठेवीत होतो, कारण स्वच्छ पाण्याची शाश्वती नसताना बाटलीचे दूध म्हणजे अतिसाराला आमंत्रण. गोवराची लस आणि 'अ' जीवनसत्त्व हे तंबूतंबूंतून फिरून दिले. गर्दीच्या शिबिरात गोवर शिरला, तर भूकंपातून वाचलेली मुले त्याने जातात.

दुसऱ्या आठवड्यापासून तक्रारींचे स्वरूप पालटले. सहा-सात वर्षांची मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती. काही आईचा पदर क्षणभरही सोडीत नव्हती. काही छप्पर असलेल्या कोणत्याही जागेत पाऊल टाकायला तयार नव्हती, म्हणून त्यांना आम्ही मोकळ्या अंगणात तपासत असू. यावर औषध नव्हते. ओळखीची माणसे, ठरावीक वेळी जेवण, खेळ आणि शाळा हाच उपचार होता. तंबूत शाळा भरू लागली तेव्हा मुलांच्या झोपेत आणि भुकेत पडलेला फरक कोणत्याही गुटीने पडला नसता.

त्याच दिवसांत मी एक खेळ पाहिला. मुले मातीत खडे मांडून आपले गाव तयार करीत. हा चौक, हे देऊळ, हा मशिदीचा ओटा, ही पाण्याची टाकी, हे माझ्या मामाचे घर. एखाद्याने खडा चुकीच्या जागी ठेवला की भांडण होई. ज्या गावात एकही भिंत उभी नव्हती, त्याचा संपूर्ण नकाशा त्या मुलांच्या डोक्यात शाबूत होता. आणि त्यांच्या आया मला एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारीत होत्या : साहेब, गाव इथेच राहणार की आम्हाला दुसरीकडे नेणार? गावे हलवणार, अशी बोलवा तेव्हा सर्वत्र पसरली होती. ताप असलेल्या मुलाच्या आईने तापाआधी गावाविषयी विचारावे, यातच त्या प्रश्नाचे वजन होते.

भीतीच्या क्षणी घेतलेली संमती

किल्लारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर झटपट दिले गेले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा निर्णय केवळ वरून लादलेला नव्हता. ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसे ओढून काढली, त्या जागी पुन्हा चूल मांडायची नाही, असे तेव्हा अनेक ग्रामस्थांनीच निक्षून सांगितले होते. शासनाने, जागतिक बँकेने आणि अनेक देणगीदार संस्थांनी मिळून हजारो घरे बांधली. ती भूकंपरोधक होती. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आखले गेले.

२००६ साली एका परिषदेनिमित्त सोलापूरला गेलो असताना मी मुद्दाम वाट वाकडी करून यांपैकी दोन गावे पाहिली. घरे भक्कम होती, रस्ते प्रशस्त होते. परंतु गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरले होते. जुन्या गावात वाडे एकमेकांना टेकलेले, भावकी आणि आळी एकत्र; शेजारणीने हाक मारली की ऐकू जावे इतके अंतर. नव्या आखणीत घराचा आकार शेतीच्या क्षेत्रावरून ठरला आणि त्याप्रमाणे रांगा लागल्या. त्यामुळे आजी एका टोकाला, नातू दुसऱ्या टोकाला, असे काही कुटुंबांचे झाले होते. अंगणवाडीसेविकेने मला सांगितले की, लांबच्या ओळींतील लहान मुले नियमितपणे येत नाहीत. आई शेतावर जाते, आणि वाटेत पोराकडे बघायला ओळखीचे दार नाही. बैलजोडी, कडबा, धान्याची कणगी यांना नव्या घरात जागा नव्हती म्हणून बहुतेक घरांपुढे पत्र्याची शेड उभी होती.

मित्रहो, शस्त्रक्रियेआधी आपण रुग्णाची संमती घेतो. ती समजून-उमजून दिलेली असावी, असा आपला दंडक आहे. वेदनेने तळमळणाऱ्या, भेदरलेल्या माणसाची सही कागदावर असली, तरी तिला आपण मनापासून संमती म्हणत नाही. अगदी तातडीचे तेवढे करतो. उरलेले तो सावरल्यावर, पर्याय समजावून सांगून, त्याच्या घरच्यांसमक्ष ठरवतो. किल्लारीच्या ग्रामस्थांनी पहिल्या काही आठवड्यांत दिलेला होकार खराच होता, पण तो भीतीचा होकार होता. नव्या जागी विहीर किती लांब असेल, शेत किती लांब असेल, शेजारी कोण असेल, हे त्यांना तेव्हा कोणी सांगितले नव्हते. सांगता येण्यासारखेही नव्हते, कारण आराखडाच तयार नव्हता. पुनर्वसनाच्या नियोजनातील पहिला धडा माझ्या मते हाच आहे. निवारा तातडीने द्यावा. जागा मात्र सावकाश ठरवावी.

गवंडी आणि संवाद सहायक

किल्लारीच्याच कार्यक्रमाचा एक दुसरा, कमी गाजलेला भाग आहे. कमी हानी झालेल्या सुमारे अडीच हजार गावांतील जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वत: केले. शासनाने पैसे, साहित्य आणि अभियंते पुरविले. भाषा अभियंत्याची आणि गरज घरधनिणीची, यांत दुवा साधण्यासाठी गावोगावी 'संवाद सहायक' नेमण्यात आले. त्यांत गावातल्याच स्त्रिया होत्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने या कामी पुढाकार घेतला. भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरा कसा बांधायचा, छपराचे वजन का कमी करायचे, हे या बायकांनी शेजारणींना आपल्या बोलीत समजावले. यांपैकी काही जणी पुढे २००१ मध्ये कच्छला आल्या आणि तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगू लागल्या. सरकारी परिपत्रकाने जे साधले नसते, ते मराठवाड्याच्या शेतकरी स्त्रियांनी मोडक्यातोडक्या हिंदीत साधले.

कच्छमध्ये गावे हलविण्याचा विचार सुरुवातीला झाला, पण बहुसंख्य गावांनी त्यास नकार दिला. १९९८ च्या चक्रीवादळानंतर एकत्र आलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या 'कच्छ नव निर्माण अभियान' या संघटनेने गावागावांत फिरून लोकांचे म्हणणे शासनापुढे ठेवले. शासनानेही ते ऐकले, हे श्रेय त्यास दिले पाहिजे. भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले होते. त्याच्या धोरणाप्रमाणे बहुतेक घरे मूळ जागीच, मालकांच्या हातून उभी राहिली. मदत तीन हप्त्यांत बँक खात्यात येई, आणि आधीचा टप्पा नियमानुसार बांधला असल्याचे अभियंत्याने पाहिल्यावरच पुढील हप्ता मिळे. हजारो गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण देण्यात आले.

या पद्धतीचा लाभ केवळ विटा-सिमेंटचा नव्हता. ज्या बापाने चार महिने स्वत: पाया खणला, त्याचे मूल त्या घरात निर्धास्त झोपते, असा माझा अनुभव आहे. भिंतीतील लोखंडी सळई त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. छपराला घाबरणारी मुले मी पुढे २००३ साली त्याच तालुक्यात पुन्हा भेटलो, तेव्हा ती आपल्या घराच्या कोपऱ्यांत सळया कुठे आहेत हे मला हाताने दाखवीत होती. कच्छच्या बन्नी भागातील पारंपरिक गोल भुंगे या धक्क्यात बऱ्याच अंशी टिकले होते. पुढे त्याच गोल आकारात सुधारित घरेही बांधली गेली. पूर्वजांचे शहाणपण आणि अभियंत्याचे गणित यांत वैर नाही, हे तेथे दिसले.

शहराचा पेच

गावापेक्षा शहराची पुनर्बांधणी कठीण. भुजच्या तटबंदीच्या आतील जुन्या शहरात गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की, बचाव पथकांना यंत्रे आत नेता येईनात. त्याच गल्ल्या पुन्हा बांधणे म्हणजे पुढच्या भूकंपाची तयारी करून ठेवणे. म्हणून तेथे आठ नगररचना योजना आखण्यात आल्या. प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी जमीन घेऊन रस्ते रुंद केले. अगदी लहान भूखंड वगळले आणि मोठ्यांची कपात अधिक केली. शक्यतो प्रत्येकाला मूळ जागेच्या जवळच भूखंड मिळावा, असे तत्त्व ठेवले. यास वेळ लागला, आणि आराखडा पूर्ण होईपर्यंत लोकांना थांबावे लागले. तक्रारी पुष्कळ झाल्या. परंतु शेजार बऱ्याच प्रमाणात टिकला आणि रुग्णवाहिका आत जाऊ शकेल असे रस्ते झाले.

या योजनेतून जो वर्ग निसटला तो भाडेकरूंचा. सारी मदत मालकीच्या कागदाशी जोडलेली असल्याने पिढ्यान्‌पिढ्या जुन्या भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या हाती फारसे काही आले नाही. घर बांधून मिळाले, पण मालकाला. शहराबाहेरच्या तात्पुरत्या पत्र्याच्या वसाहतींत अशी कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. बालकाच्या दृष्टीने पाहता भाडेकरूचे मूल आणि मालकाचे मूल यांच्या दु:खात फरक नसतो. नियोजन करताना 'ही जागा कोणाची' याच्याइतकाच 'येथे राहात कोण होते' हा प्रश्न महत्त्वाचा मानला पाहिजे.

बालकाचा दिवस हे मोजमाप

स्थलांतर कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा त्याच जागी गाव वसविण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु जागा बदलो वा न बदलो, आराखडा एका साध्या कसोटीवर घासून पाहता येतो. चार वर्षांच्या मुलाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्या नकाशावर चालून पाहावा. ते अंगणवाडीपर्यंत स्वत:च्या पायांनी, ओळखीच्या दारांवरून जाऊ शकते का? आई कामावर असताना हाकेच्या अंतरावर आजी, आत्या किंवा शेजारीण आहे का? पाणी आणायला मोठ्या बहिणीची शाळा बुडते का? खेळायला सावलीची जागा आहे का? रात्री ताप चढला तर उपकेंद्र किती लांब, आणि तेथे रात्री कोणी असते का? मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला यांपैकी किती ठिकाणी जाता येईल? या प्रश्नांना ज्या नकाशात उत्तरे आहेत, तेथे मोठ्यांचेही बहुतेक प्रश्न सुटलेले असतात.

आपली जबाबदारी

आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर सर्वांना हवे असतात. पुनर्वसनाच्या बैठका सुरू होतात तेव्हा मात्र आपण परतलेले असतो. त्या टेबलाशी अभियंता असतो, महसूल अधिकारी असतो, देणगीदार असतो. मुलांची आणि आयांची बाजू मांडणारा क्वचितच असतो. ही खुर्ची आपण मागून घेतली पाहिजे.

दुसरे काम आपल्या आवाक्यातले आहे, ते रुग्णालयांचे. भुजच्या पडलेल्या रुग्णालयाच्या जागी उभारलेली, २००४ मध्ये लोकार्पण झालेली ३०० खाटांची इमारत शिसे-रबराच्या आधारकांवर उभी आहे, जेणेकरून जमीन हादरली तरी वरच्या भागाला बसणारा हादरा कमी व्हावा. प्रत्येक खासगी प्रसूतिगृहाला हे परवडणार नाही. पण ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधणे, कपाटे भिंतीत पक्की करणे, जनरेटर तळघरातून वर आणणे आणि लसीकरणाच्या नोंदींची प्रत अन्यत्र ठेवणे यांस फारसा खर्च नाही. विश्वामित्रीच्या पुराने २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्याला जो हिसका दाखविला, तो पाहता ही सूचना कोणास दूरची वाटू नये.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी आपत्ती व्यवस्थापन योजना आवश्यक ठरविली. आपल्या मंडळाच्या दोन-तीन सभासदांनी या वर्षी जिल्ह्याची ती योजना मिळवून वाचावी आणि तीत मुलांविषयी, गर्भवतींविषयी, भाडेकरूंविषयी काय लिहिले आहे ते पुढील वार्षिक सभेत सांगावे, अशी माझी सूचना आहे. जे लिहिलेले नसेल, ते लिहून देण्याची तयारी ठेवावी. आपत्ती आल्यावर भेदरलेल्या माणसांकडून होकार घेण्यापेक्षा, शांत दिवसांत त्यांना विचारून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.